अबार्थ पुंटो घेताय? बिल्ल्यावर जाऊ नका

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाटच्या कारखान्यात तयार झालेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली. १४५ अश्वशक्तीची ही छोटी गाडी आता नवी मिळत नाही, म्हणून हौशी लोक जुनी शोधतात. शिरूर-दौंडकडे अशी गाडी विकायला दिसली, तर आधी ती खरी आहे का ते पाहा. साध्या पुंटोला अबार्थचा विंचवाचा बिल्ला आणि लाल पट्टे लावणे अवघड नाही.

आरसीवरचे १३६८ सीसी हा पुरावा नव्हे. साध्या १.४ लिटर पेट्रोल पुंटोचीही क्षमता नेमकी तेवढीच, फरक टर्बोचा. तेव्हा बॉनेट उघडून टर्बो पाहा. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक हवेत; साध्या पुंटोला तिथे ड्रम असतात. मात्र टर्बो इंजिन फियाटच्याच लिनिआ टी-जेट गाडीतलेही बसवलेले असू शकते. त्यामुळे माझा भर चेसिस आणि इंजिन क्रमांकांवर. ते गाडीवर स्वतः वाचा, आरसीशी आणि परिवहन खात्याच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर ताडा. आरसीवर मॉडेलचे नाव काय आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का, हेही बघा. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर इसार देऊच नका.