बृहदांत्राचा कर्करोग आणि शरीरातील स्वाभाविक संरक्षक पेप्टाइडे

रोगजंतूंचा प्रतिकार प्रामुख्याने प्रतिपिंडेच करतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु नव्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होण्यास काही दिवस लागतात. तोवर शरीराचे रक्षण ज्या द्रव्यांकडून होते, त्यांत लहान आकाराच्या धनभारित पेप्टाइडांना महत्त्वाचे स्थान आहे. १९८१ मध्ये स्वीडनमधील हान्स बोमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोशातून आणि १९८७ मध्ये अमेरिकेतील मायकेल झॅस्लॉफ यांनी बेडकाच्या त्वचेतून अशी पेप्टाइडे वेगळी केली. हीच द्रव्ये कर्कपेशींच्या वाढीसही आवर घालू शकतात काय, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. बृहदांत्राच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या, कर्करोगापुरता त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मानवी शरीरात कॅथेलिसिडिन कुलातील एकच पेप्टाइड आढळते. त्याचे नाव एलएल-३७. ३७ ॲमिनो अम्लांच्या या साखळीच्या आरंभी ल्युसिनाचे दोन घटक असल्यामुळे हे नाव पडले. ते प्रथम एका मोठ्या पूर्वगामी प्रथिनाचा भाग म्हणून तयार होते व नंतर विकराच्या क्रियेने मोकळे होते. त्यावर एकूण ६ एकक धन विद्युत्‌भार असतो. जंतूंच्या ऋणभारित पटलाकडे ते आकर्षिले जाते याचे कारण हेच होय.

कर्कपेशीच्या बाबतीतही असेच घडत असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिल सेरीन हे ऋणभारित मेद पटलाच्या आतील थरात राखलेले असते. अनेक कर्कपेशींत ते बाहेरील थरात येते. तथापि केवळ विद्युत्‌भाराच्या आधारे सर्व उलगडा होत नाही, हे पुढील प्रयोगांवरून ध्यानी येईल.

बृहदांत्राच्या श्लेष्मल स्तरात सूक्ष्म विवरे असतात. त्यांच्या तळाशी मूलपेशींचे विभाजन होते आणि नव्या पेशी वर सरकत सरकत परिपक्व होतात. एलएल-३७ हे मुख्यतः पृष्ठभागावरील व विवरांच्या वरच्या भागातील परिपक्व पेशींत आढळते. आहारातील चोथ्यापासून आतड्यातील जंतू जे ब्युटिरेट तयार करतात, त्यामुळे त्याची निर्मिती वाढते. २०१२ मध्ये हाँगकाँग येथील संशोधकांना असे दिसून आले, की निरोगी श्लेष्मल स्तरात विपुल असणारे हे पेप्टाइड कर्करोगग्रस्त ऊतकात बरेच कमी झालेले असते.

येथे कार्यकारणभावाविषयी सावध राहणे अवश्य आहे. कर्कपेशी अपरिपक्व असतात. यास्तव पेप्टाइडाची उणीव हे रोगाचे कारण नसून त्याचा परिणामही असू शकेल. या शंकेच्या निरसनार्थ कॅथेलिसिडिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना अझॉक्सिमिथेन हे कर्कजनक द्रव्य देण्यात आले. त्यांच्यात सामान्य उंदरांपेक्षा अर्बुदे होण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. पेप्टाइडाचा अभाव हा निदान काही अंशी रोगास साहाय्यभूत होतो, असे अनुमान यावरून करता येते.

संवर्धित कर्कपेशींवरील प्रयोगांत क्रियेची रीतही उलगडली. डांग्या खोकल्याच्या जंतूच्या विषाने ज्यांचे कार्य बंद पडते अशा पृष्ठग्राहींमार्फत एलएल-३७ पेशीत संदेश पोचविते. पी-५३ या प्रथिनामार्फत बॅक्स व बॅक यांचे प्रमाण वाढते, बीसीएल-२ चे घटते आणि तंतुकणिकांतून सुटलेली प्रथिने केंद्रकात शिरून डीएनएचे तुकडे करवितात. नियोजित पेशीमृत्यूत नेहमी आढळणाऱ्या कॅस्पेस विकरांची येथे गरज पडत नाही. ज्या कर्कपेशींनी कॅस्पेसांचा मार्ग निकामी केलेला असतो त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय आहे. परंतु बृहदांत्राच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते. तेथे या मार्गाचा कितपत उपयोग होईल, हा प्रश्न उरतोच.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. अंडाशयाच्या कर्करोगात एलएल-३७ अर्बुदाच्या वाढीस हातभार लावते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतकेच नव्हे, तर महाभक्षी पेशींतून स्रवणारे कॅथेलिसिडिन बृहदांत्राच्या कर्करोगासही चालना देते, असा निष्कर्ष २०१५ मधील एका संशोधनात निघाला. एकाच द्रव्याची ही दोन परस्परविरोधी रूपे होत. हा विरोध सर्वस्वी अनाकलनीय नाही. एलएल-३७ एकाहून अधिक ग्राहींशी संयोग पावते. त्यामुळे त्याचा परिणाम त्याच्या संहतीवर, ते कोणत्या पेशीतून आले यावर आणि सभोवती दाह आहे की नाही यावर अवलंबून असणे शक्य आहे.

म्हणून या पेप्टाइडास कर्करोगावरील औषध म्हणणे आज घाईचे ठरेल. प्रथिनभंजक विकरांनी त्याचा लवकर नाश होतो, ही अडचण वेगळीच. मूळ साखळीतील १७ ते ३२ या घटकांपुरता एफके-१६ हा तुकडाही संवर्धित कर्कपेशींचा नाश करतो, असे २०१३ मध्ये आढळले आहे. मूळ पेप्टाइडाचा इष्ट गुण अनिष्ट गुणापासून वेगळा काढता येईल काय, हे अशा तुकड्यांच्या अभ्यासातूनच कळेल. हा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने केवळ संवर्धनपात्रातील पेशींच्या मृत्यूवर समाधान न मानता उपकला, महाभक्षी पेशी व दाह यांचा एकत्रित विचार केला पाहिजे; अन्यथा पात्रात जे तारक ठरले तेच रुग्णाच्या शरीरात मारक ठरण्याचा संभव आहे.