एका ग्रंथसूचीचे स्थलांतर

बडोद्यात ग्रंथालयांविषयी बोलावयाचे म्हणजे १९१० सालापासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. तो इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. मला सांगावयाचे आहे ते त्या मानाने लहानच : आपल्या शाळेची मराठी ग्रंथसूची जुन्या संगणकावरून दूरच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये नेताना काय घडले, आणि हे काम वस्तुतः कसे करावयाचे असते. मी मराठीचा अध्यापक. या विषयाचे जे थोडे ज्ञान मजपाशी आहे ते याच प्रकरणातून आणि आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या शिकवणीतून आलेले. गुरुशिष्यांच्या जागा बदलण्यात कमीपणा वाटण्याचे माझे वय आता उरलेले नाही.

सूचीत सुमारे चोवीस हजार नोंदी होत्या. पहिल्या प्रयत्नात एका स्वयंसेवकाने प्रत्येक नोंद सुटी करून पाठविली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, विषय आणि प्रत अशा पाच सारण्या असल्यामुळे एकूण आज्ञा झाल्या एक लक्ष वीस हजार. प्रत्येक आज्ञा तारेवरून जाणार, तेथे लिहिली जाणार, तिची पोच परत येणार आणि मगच पुढची निघणार. या जाण्यायेण्यास सेकंदाचा पाचवा भाग जरी धरला तरी चोवीस हजार सेकंद, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. सायंकाळी सातला सुरू झालेले काम उत्तररात्री संपले. सकाळी मोजणी केली; संख्या तंतोतंत जुळली. आम्ही पेढे वाटले.

दुपारी कोणीतरी पहिले पुस्तक शोधले. पडद्यावर शीर्षकाच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे! प्रत्येक अक्षरामागे एक, अशी चोवीस हजार नोंदींत. त्या डेटाबेसमधील सारण्यांचा वर्णसंच लॅटिन राहिला होता. मायएसक्यूएलमध्ये २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपूर्वी वेगळे सांगितले नाही तर तोच गृहीत धरला जाई. ज्या वर्णसंचात 'क' नाही, त्यात 'क' ठेवावयास गेल्यास त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसते आणि मूळ अक्षर कायमचे नाहीसे होते. जुना संगणक त्याच आठवड्यात भंगारात जावयाचा होता. भंगारवाला ठरल्या दिवशी आला नाही, म्हणून ही सूची आज आहे.

दुसऱ्या वेळी आरंभ अक्षरांपासून केला. आपली सूची एका जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली होती. अशा फॉन्टमध्ये साठविली जाते ती अक्षराची आकृती, उच्चार नव्हे. 'विश्वकोश' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून साठवणीतही तीच आधी. परिणामी 'विश्वकोश' आणि 'किल्ले' ही दोन्ही पुस्तके वेलांटीखाली शेजारी बसतात. १९९१ साली आलेल्या इस्की या भारतीय मानकात आणि त्याच वर्षीच्या युनिकोडमध्ये मात्र आधी व्यंजन, नंतर वेलांटी असा उच्चाराचा क्रम आहे. हे रूपांतर नोंदी पाठविण्यापूर्वी, जुन्या संगणकाशेजारी बसूनच करून घ्यावे, कारण चूक दिसल्यास मूळ प्रत हाताशी असते. त्यातही मराठीची स्वतःची एक खोच आहे. 'दऱ्याखोऱ्या'तील चंद्रकोरीसारखा रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. एकच रीत ठरवून सर्व नोंदी तीत आणणे भाग पडले.

मग वाहतूक. साऱ्या नोंदींची एकच मजकूर-फाईल केली. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, त्यामुळे फाईल बरीच फुगली. पण मजकूर उत्तम दाबला जातो, आणि दाबलेली फाईल पाठविण्यास फारसा वेळ लागला नाही. तेथे पोहोचल्यावर ती एका कच्च्या सारणीत घाऊक आज्ञेने भरली. पोस्टग्रेसमध्ये तिला 'कॉपी' म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये 'लोड डेटा'. लेखकांची आणि प्रकाशकांची यादी या कच्च्या सारणीतून तेथल्या तेथेच वेगळी काढली; तारेवरून एकही जादा फेरी नाही. शोधासाठी लागणारे इंडेक्स आधी काढून ठेवले होते, ते भरणा पूर्ण झाल्यावर बांधले. ज्यांनी सूचीपत्रांचे लाकडी खण हाताळले आहेत त्यांना कारण सांगावे लागणार नाही : हजार नवी पत्रे एकेक करून खणांत घुसविण्यापेक्षा टेबलावर एकदा लावून घेऊन ओळीने ठेवणे केव्हाही सोपे. जेथे एक रात्र गेली होती तेथे आता चहा निवण्यापूर्वी काम आटोपले.

पेढ्यांचा अनुभव ताजा असल्यामुळे या खेपेस संख्येवर विसंबलो नाही. शीर्षकांत कोठे प्रश्नचिन्हांची रांग आहे काय ते शोधले. दाखल-नोंदवहीची पाने मधूनच उघडून शंभर पुस्तके अक्षरशः ताडून पाहिली. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो आणि 'क्ष' हे 'क'चे जोडाक्षर ठरते. आपल्या वर्णमालेत ही अक्षरे शेवटी येतात. मराठीचा वर्णक्रम डेटाबेसला मुद्दाम सांगावा लागतो. तो सांगितला, तेव्हा कुठे जुन्या वाचकांना पुस्तके जागच्या जागी सापडू लागली.

अद्याप तेवीस नोंदी कच्च्या सारणीत पडून आहेत. त्यांची शीर्षके जुन्या संगणकातच बिघडलेली होती, आणि नोंदवहीचे ते पान वाळवीने खाल्ले आहे. त्यांचे दाखल क्रमांक ग्रंथालयाच्या दारावर लावले आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी शाळेचा शिक्का असलेले एखादे पुस्तक चुकून राहिले असेल, त्यांनी त्यावरील क्रमांक कृपया पाहावा. दंड माफ आहे.