मुंबई सिटीची बचावफळी आणि चार ऑफ-सीझन

मनीषनगर, नागपूरहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग खाली लिहून दिलाय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ थोडे छाटलेत, बाकी तसंच.

आजचा प्रश्न असा, की हंगाम संपल्यावर पुढचा सुरू व्हायच्या आत एखादा क्लब बचावफळी नव्याने कशी उभी करतो? इंग्लंड-स्पेनची उदाहरणं ढीगभर मिळतील. मी आपल्या राज्यातलं घेतो, मुंबई सिटी एफसीचं. या क्लबने २०२० ते २०२३ मध्ये हे काम चारदा केलं. त्यातलं एकदा चांगलंच फसलं, आणि खरं शिकायला तिथेच मिळतं.

आधी खाल्लेले गोल बघू. २०१९-२० मध्ये १८ सामन्यांत २९, लीगमध्ये पाचवा नंबर. २०२०-२१ मध्ये २० सामन्यांत १८, लीग शील्ड आणि आयएसएल कप दोन्ही खिशात. २०२१-२२ मध्ये तेवढ्याच सामन्यांत ३१, परत पाचवा नंबर. २०२२-२३ मध्ये २१ आणि शील्ड. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत १९ आणि कप. मधला तो ३१ बघा. चॅम्पियन संघ एका ऑफ-सीझनमध्ये जिथून निघाला तिथेच परत. काऊन?

त्यासाठी २०२० पासून सुरू करावं लागेल. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ च्या नोव्हेंबरात क्लबमध्ये मोठा हिस्सा घेतला होता, म्हणजे पैसा होता. पण वेळ नव्हता. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून ऑक्टोबरात आले आणि नोव्हेंबरात गोव्यात, बंदिस्त बबलमध्ये, लीग सुरू. एवढ्या कमी दिवसांत चार अनोळखी माणसांची रेषा बसवणं जवळपास अशक्य. मग क्लबने काय केलं? ज्यांची ओळख आधीच झालेली आहे अशी माणसंच आणली. एफसी गोवामधून मूर्तदा फॉल हा सेंटर-बॅक, मंदार राव देसाई हा लेफ्ट-बॅक आणि बचावाच्या पुढ्यात खेळणारा अहमद जाहू. तिघेही लोबेरांकडे गोव्यात खेळलेले. मंदार तर मुळात विंगर, त्याला लेफ्ट-बॅक केलं ते लोबेरांनीच. फॉलच्या शेजारी हर्नान सँताना उभा केला, तोही मूळचा मिडफिल्डर. मागे गोलकीपर अमरिंदर सिंग आधीपासून होताच.

तीन बचावपटू विकत घेण्यापेक्षा त्यांच्यातली सवय विकत घेणं हुशारीचं होतं, असं माझं मत. सवय म्हणजे नेमकं काय? लोबेरांचा संघ रेषा बरीच वर ठेवायचा. रेषा वर असली की मागे मोकळं रान उरतं, आणि ते राखायचं तर चौघांनी एकाच क्षणी पुढे सरकायला हवं. आमच्या मनीषनगरचं जुनं रेल्वे फाटक आठवा. दोन्ही दांडे बरोबर खाली आले तर ठीक, एक जरी अर्धवट राहिला तर त्याखालून गाडी वाकवून काढणारे महाभाग हजर! ऑफसाइडची रेषा तशीच. एक जण दोन पावलं मागे राहिला की समोरचा स्ट्रायकर ऑनसाइड, आणि मग बाकी तिघे कितीही चांगले असले तरी उपयोग शून्य.

पहिला सामना मुंबई हरली, जाहूला लाल कार्ड मिळालं. पण नंतर घडी बसली. १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये एटीके मोहन बागानला २-१ हरवलं. त्यात मुंबईचा पहिला गोल बागानच्या तिरीचा स्वयंगोल होता. हे नाव लक्षात ठेवा.

आता २०२१. अमरिंदर बागानला गेला, हर्नान गेला, लोबेराही गेले आणि ऑक्टोबरात देस बकिंगहॅम आले. वरून नियम बदलला. मैदानावर एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी. हा बदल दिसायला किरकोळ, पण हिशोब करा. फॉल आणि जाहू धरले की उरले दोन, आणि गोल करायला परदेशी फॉरवर्ड तर हवाच. म्हणजे दोन परदेशी सेंटर-बॅक ही चैन संपली. फॉलशेजारी भारतीय खेळाडूच हवा.

त्यासाठी बेंगळुरूहून राहुल भेके आला. मुंबईचाच पोरगा. २०१९ च्या फायनलमध्ये लोबेरांच्याच गोवा संघाला शेवटच्या मिनिटांत हेडरने बुडवणारा हाच. निवड बरोबर होती. तरी गोल ३१ झाले. फॉल होता, मंदार होता, मेहताब सिंग होता, जाहू होता. बदलले काय? गोलकीपर, फॉलचा जोडीदार आणि प्रशिक्षक. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक मॉड्यूल एकेकटं पास होतं, पण जोडलं की फुटतं. गंमत म्हणजे सुरुवातीला बागानला ५-१ असं चोपलं होतं, त्यामुळे दुखणं लगेच दिसलं नाही.

पण क्लबने घाईने सगळं उलटंपालटं केलं नाही, याचं श्रेय द्यायला हवं. एप्रिल २०२२ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला विजय. विजयी हेडर भेकेचा. त्या ऑफ-सीझनमध्ये बचावात भर फक्त मोजकी घातली. आशियाई कोट्यातून ऑस्ट्रेलियाचा रॉस्टिन ग्रिफिथ्स आणि डावीकडे संजीव स्टॅलिन. गोलमध्ये फुर्बा लाचेन्पावर विश्वास टाकला. बाकी तीच माणसं, फक्त एक वर्ष एकत्र खेळलेली. ३१ चे २१ झाले.

मग २०२३ ला फॉल आणि जाहू दोघेही ओडिशाला, परत लोबेरांकडेच. मंदार ईस्ट बंगालला. पेपरात वाचलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, संपलं. पण तोवर भेके, मेहताब आणि लाचेन्पा हा कणा तयार होता, आणि भेके कर्णधार झाला. जाहूच्या जागी योएल व्हान निफ, डावीकडे हैदराबादहून आकाश मिश्रा, आणि फॉलच्या जागी कोण? तोच तिरी. मे २०२२ मध्ये एएफसी कपमध्ये गुडघा गेल्यामुळे पुढचा अख्खा हंगाम बाहेर बसलेला. कागदावर हा जुगारच. जानेवारीत सीरियाचा थाएर क्रूमाही आणून ठेवला. मध्येच बकिंगहॅम गेले, पीटर क्रॅटकी आले, तरी फळी मोडली नाही. ४ मे २०२४ ला कोलकात्यात बागानला ३-१ हरवून कप घेतला.

त्यामुळे ऑफ-सीझनमध्ये ‘वेलकम’ची पोस्टर्स येतात तेव्हा मी आधी दुसरी यादी बघतो, कोण राहिलं त्याची. दोन सेंटर-बॅक आणि गोलकीपर या तिघांतले किमान दोघं जुने असतील तर तिसरा नवा चालतो. तिन्ही नवे असतील तर नावं कितीही मोठी असोत, मला पोटात गोळा येतो.

आणि यात सगळ्यात महाग वस्तू दिवस. जुलै २०२५ मध्ये हक्कांच्या करारावरून आयएसएलच थांबवून ठेवली गेली, तेव्हा चर्चा पगारांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण लीग कधी सुरू होणार हेच माहीत नसेल, तर सराव शिबिराची तारीख कशी ठरवायची? स्ट्रायकर एकटा गल्लीतही सराव करून तयार राहील. चौघांची रेषा एकेकट्याने घरी बसून तयार होत नाही.

गोलकीपरबद्दल आज घाईत बोललो. पुढचा भाग फक्त अमरिंदर ते लाचेन्पा या बदलावर करतो. प्रश्न असतील तर पाठवा.