गुडघा बदलण्याआधी पायाची रेषा पाहू या

पायी चालणं पवनारला नवीन नाही. १९५१ मध्ये विनोबा इथून पायी निघाले ते १९६४ मध्ये परत आले. पण आज आपल्याकडे चाळिशीतलाच माणूस धामचा काठ चढताना थांबतो, गुडघ्याच्या आतल्या बाजूला हात लावतो आणि म्हणतो, "डॉक्टर, इथंच दुखतं." आज आम्ही बोलणार आहोत ते याच माणसाविषयी.

समजा, तो ४२ वर्षांचा आहे. कापसाची शेती आहे, घरात कमावणारा एकटाच. पाय थोडे धनुष्यासारखे बाकदार. कुणीतरी सांगितलंय, "गुडघा बदलावा लागेल." आमचं म्हणणं एवढंच की, त्याच्या बाबतीत हा पहिला पर्याय नाही.

का नाही? कृत्रिम सांधा उत्तम चालतो, पण तोही झिजतो, आणि जास्त काम करणाऱ्याचा लवकर झिजू शकतो. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांना पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्के निघाली. सत्तरीनंतर बदललेल्यांना ती पाच टक्क्यांच्या आसपास होती. शिवाय उकिडवं बसणं, ओझं उचलणं, ढेकळांतून चालणं यांवर मर्यादा येतात. शेतकऱ्याचं सगळं काम तर त्यातच आहे.

आता मूळ दोष बघू. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेषा ओढा. सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मधून जाते. पाय बाकदार असला की ती आतल्या बाजूला सरकते आणि सगळा भार तिकडे पडतो. तिथली कूर्चा घासते, सांध्याची फट कमी होते, पाय आणखी वाकतो, भार आणखी वाढतो. गाडीचा टायर एकाच बाजूनं घासला तर नुसता टायर बदलून भागत नाही, अलाइनमेंट करावी लागते. तसंच हे. बाहेरची बाजू चांगली असेल, तर भार तिकडे वळवायचा. त्यासाठी हाड कापून त्याचा कोन बदलायचा, याला ऑस्टिओटॉमी म्हणतात. कल्पना जुनीच आहे. जॅक्सन आणि वॉ या ब्रिटिश सर्जननी १९६१ मध्ये आणि अमेरिकेत कव्हेंट्री यांनी १९६५ मध्ये यावर लिहिलं.

"चांगलं हाड मुद्दाम कापायचं?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. उत्तर असं की, कापण्याआधी कागदावर हिशेब पक्का झाला पाहिजे. या ऑपरेशनचं निम्मं यश तिथंच ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे. झोपून काढलेल्या छोट्या फिल्मवर हे नियोजन होत नाही. दुसरी गोष्ट, वाक कुठे आहे ते शोधणं. नडगीच्या हाडाचा वरचा कोन साधारण ८७ अंश असतो, मांडीच्या हाडाचा खालचाही तेवढाच. दोष मांडीत असताना नडगी कापली, तर पाय सरळ दिसेल पण सांधा तिरपा होईल. सैल लिगामेंटमुळे आलेला वाकही वेगळा मोजावा लागतो, नाहीतर सुधारणा गरजेपेक्षा जास्त होते.

तिसरी गोष्ट, रेषा कुठे न्यायची. जपानच्या फुजिसावा यांच्या १९७९ च्या अभ्यासावरून, आतल्या कडेपासून मोजलं तर साधारण ६२ टक्क्यांवर, असं मानलं गेलं. आता बरेच सर्जन झीज किती आहे ते पाहून पन्नास ते बासष्टच्या दरम्यान ठरवतात. आपल्या शेतकऱ्याची रेषा वीस टक्क्यांवर आहे आणि ती पंचावन्नवर न्यायची, तर साधारण आठ अंश सुधारणा लागेल. कापाच्या जागी हाड ६० मिलिमीटर रुंद असेल, तर आतल्या बाजूची फट सुमारे साडेआठ मिलिमीटर उघडायची.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. नडगीच्या आतल्या बाजूनं, सांध्याच्या थोडं खाली काप घेतात आणि तो फिब्युलाच्या टोकाच्या दिशेनं वर नेतात. पण बाहेरचं साधारण एक सेंटिमीटर हाड तसंच ठेवतात. ती बिजागरी. ओली फांदी हळूहळू वाकवली तर मोडत नाही, झटका दिला की मोडते. म्हणून फट मिनिटांच्या हिशेबानं, सावकाश उघडायची. गुडघ्यामागे मोठी रक्तवाहिनी असते, तिला पूर्ण वेळ संरक्षण द्यायचं. फट पुढून जास्त उघडली तर सांध्याचा मागचा उतार बदलतो, तेही सांभाळायचं. मग सी-आर्मखाली रेषा पुन्हा तपासून लॉकिंग प्लेट बसवायची.

हे सगळ्यांसाठी नाही, तेही स्पष्ट सांगतो. दोन्ही बाजू झिजलेल्या असतील, संधिवाताचा आजार असेल किंवा गुडघा फारच आखडला असेल, तर याचा उपयोग होत नाही. आणि खर्रा, बिडी, तंबाखू बंद करावीच लागेल. निकोटिननं हाड जुळायला उशीर होतो. आम्ही आधी ती सोडायला सांगतो, तारीख नंतर देतो.

धोकेही आहेत. बिजागरी तडकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, प्लेट टोचते म्हणून पुढे काढावी लागू शकते. साधारण सहा आठवडे कुबड्या, आणि हाड नीट जुळायला तीन ते सहा महिने. म्हणून वेळ हंगाम पाहून ठरवा. कापसाची वेचणी संपल्यावर फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, तर जूनच्या पेरणीला माणूस बांधावर उभा राहील, पण त्या पेरणीत जड काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा. पैशांइतकीच ती तयारी महत्त्वाची.

हा इलाज जन्मभराचा आहे, असं आम्ही सांगत नाही. नीट निवडलेल्या बऱ्याच रुग्णांना दहा वर्षांहून अधिक काळ आराम मिळतो. स्वतःचा सांधा राहतो आणि पुढे गरज पडली तर गुडघा बदलण्याचा मार्ग मोकळाच असतो.

फक्त उशीर करू नका. आतली बाजू पूर्ण संपून बाहेरचीही घासायला लागली, की ही संधी जाते. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथल्या किंवा तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना एक प्रश्न जरूर विचारा: "माझ्या पायाची रेषा कुठून जाते?"

आता तुमचे प्रश्न घेऊ.