जमीन मिळाली, शिकवणार कोण?

मार्गशीर्षात दत्तजयंती आली की सारंगखेड्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकते. घोड्यांच्या किमतींवर रकानेच्या रकाने भरतात. पण त्याच तापीकाठी दोन एकरांत पपई लावून बुडालेल्या भिल्ल किंवा बौद्ध शेतकऱ्याची चौकशी कोण करतो?

शहादा तालुका पपईचा. बड्या बागांत खड्डे खणणारे, फळे तोडणारे हात बहुतांशी आमच्याच माणसांचे. झाड त्यांना चांगले ठाऊक असते. पण स्वतःची बाग उभी करायची तर आणखीही बरेच माहीत असावे लागते. पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. झाडाला एकदा लागण झाली की औषध नाही. झाड उपटून नष्ट करणे एवढाच मार्ग. म्हणून रोपे कीडरोधक जाळीतली घ्यावीत, बागेजवळ काकडी-भोपळ्याचे वेल लावू नयेत. हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो दुकानदाराच्या शब्दावर बाटल्यामागून बाटल्या फवारतो. बाग जाते आणि उधारी उरते! बरे, मावा बांध ओळखत नाही आणि जातही ओळखत नाही. लहान शेतकरी अडाणी ठेवला तर शेजारच्या पाटलाची बागही वाचत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत पुरेसे की अपुरे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; भांडवल, अवजारे यांची जोड किती, यावर ठरते, असे त्यांनी मांडले. त्या जोडीत आम्ही ज्ञानही धरतो. जोतीराव फुल्यांनी तर १८८२ सालीच हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे व्यावहारिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती.

जमिनीसाठी आम्ही कमी लढलो नाही. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या आदिवासींनी अंबरसिंग सुरतवंतींच्या साथीने बळकावलेल्या जमिनींसाठी लढा दिला. २०१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, आदिवासींसाठी बिरसा मुंडांच्या नावाची आहे. विहीर, पंपसंच, ठिबक यांना अनुदान मिळते. चांगलेच आहे. पण ठिबकच्या नळ्या पसरून झाल्यावर खत कधी सोडायचे, किती सोडायचे, हे बांधावर येऊन दाखवणारा माणूस अनुदानाच्या यादीत नाही.

कृषी विभागाच्या शेतीशाळा असतात, हे आम्हांला मान्य आहे. पण त्या कोणाच्या शेतात भरतात? दिवसा भरल्या तर मजुरी बुडवून यायचे कोणी? आणि बागेत राबणाऱ्या बाईला तिथे कोण बोलावतो? आमची मागणी साधी आहे. शाळा लहान शेतकऱ्याच्याच तुकड्यावर, संध्याकाळी, अहिराणी-भिलोरीत भरवा. फेब्रुवारी-मार्चच्या लागवडीसाठी रोपे आणण्याआधी पहिला वर्ग झाला पाहिजे. अर्ज तालुका कृषी कार्यालयात द्यायचा असतो. वस्तीतल्या दहा-वीस जणांनी एकत्र सह्या करून द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.