पुण्यातला आंबा मोसम

कधी : एप्रिल-मे.

महोत्सव : राज्य कृषी पणन मंडळ दरवर्षी भरवते. कोकणातले बागायतदार स्वतः विक्रीला बसतात. दलाल मध्ये नसतो. तारखा आणि जागा निघण्यापूर्वी पाहून घ्या.

घाऊक बाजार : गुलटेकडीचे मार्केट यार्ड. पहाटे गेलात तर पेट्यांची उतराई दिसते.

अक्षय्य तृतीया : दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे ११ हजार आंब्यांचा नैवेद्य. प्रसाद ससून रुग्णालयातल्या रुग्णांपर्यंत पोहोचतो.

पारख : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकी फळही हापूस म्हणून खपवले जाते. गाव विचारा, देठाजवळ वास घ्या.

प्रवासात : कच्चे फळ घ्या, पेंढ्यात ठेवा. पिकेपर्यंत फ्रिज नको.