‘किड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. गाण्यागोष्टींतून येणारा ‘किड’ हा शब्द धनजसारख्या कापूस-तुरीच्या गावी ऐकताच वर्गात हशा पिकला, तर नवल नव्हे. कारण ‘कीड’ म्हटली की तेथील मुलास बोंडअळीच आठवते. शिक्षकाने हे हसू दडपू नये. इंग्रजी शब्दाचा उच्चार ऱ्हस्व, मराठीचा दीर्घ, हा भेद त्या हशातूनच सहज सांगता येतो.

‘किड’ म्हणजे मुळात शेळीचे करडू. हा शब्द स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतून सुमारे १२०० साली इंग्रजीत आला, व सोळाव्या शतकाच्या अखेरीस लहान मुलांसही लावला जाऊ लागला. आरंभी तो हलका मानीत. एकोणिसाव्या शतकात मात्र तो घरोघरी रुळला. गिरण्यांतील मुलांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटणाऱ्या लॉर्ड अ‍ॅश्ली यांनी १८४१ साली आपल्या रोजनिशीत स्वतःच्या मुलांसाठी हाच शब्द योजिला. करडाचे बागडणे पाहिलेल्यास यातील साम्य निराळे समजावून द्यावे लागत नाही.

आजही हा शब्द घरगुतीच आहे. अर्जात वा निबंधात ‘चाइल्ड’ व अनेकवचनी ‘चिल्ड्रन’ हेच लिहावे. ‘किड ब्रदर’ म्हणजे धाकटा भाऊ. ‘किडिंग’ म्हणजे मात्र थट्टा करणे. तेथे मुलाचा संबंध शोधू नये.

हा भेद वऱ्हाडातील मुलास उत्तम कळतो, कारण त्याच्या घरी ‘पोट्टं’ हा शब्द आहे. ‘पोट्टे खेळून राह्यले’ या वाक्यात कोणताही अनादर नाही. परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकास तो शब्द उर्मट वाटतो, आणि ‘असे बोलू नये’ अशी ताकीद मिळते. मग मूल शब्द सुधारीत नाही, बोलणेच थांबविते. पहिलीच्या वर्गात ही हानी लहान नव्हे. ‘पोट्टं’ घरी, ‘मूल’ पुस्तकात. ‘किड’ घरी, ‘चाइल्ड’ पुस्तकात, अशी जोडी फळ्यावर मांडावी. उदाहरणे मुलांनीच द्यावीत. ‘लेकरू’ हा शब्द आई केव्हा वापरते, हेही त्यांस विचारावे.

‘कार्टे’ हा शब्द मात्र या जोडीत बसत नाही. आईच्या तोंडी तो लटक्या रागाचा असेल; शिक्षकाच्या तोंडी तो अपमानच ठरतो, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाच्या मानसिक छळासही मनाई केलेली आहे.